धूर आपला आपण जातो

१२ जानेवारी

चिरंजीव धाकट्या,

आशीर्वाद पाकिटातच कुठंतरी आहेत, शोधून घे. मला थेट मुद्द्यावर यायचंय.

फोन तू उचलत नाहीस आणि ठेवलेला निरोप ऐकत नाहीस, म्हणून शाईकडं वळले. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्या भरवशावर लिहितेय. घाबरू नकोस, आत हळवं काही नाही. आईच्या आठवणी नाहीत, एका रक्ताचे वगैरे नाही, आणि ‘बाबा आता थकले रे’ हे वाक्य तर नाहीच नाही. बाबा थकलेले नाहीत. तीच तर पंचाईत आहे.

ते पुन्हा घर बांधतायत. टेकडीवर. त्याच जागेवर.

इतकी वर्षं तू तिकडं फिरकलेला नाहीस, तेव्हा आधी टेकडीची खुशाली. उतारावरचं दगडांचं कडं जागच्या जागी आहे. गुडघ्याच्याही खाली, मधेमधे दात पडल्यासारखं. खांबांच्या खड्ड्यांत गवत उगवलंय. मधली चूल, म्हणजे तो भाजून लाल झालेल्या मातीचा तवा, पत्र्याच्या छपरीखाली आहे. लोक येतात, पाटी वाचतात, लिहिण्याची विद्या जन्मायच्याही आधी इथं कुणीतरी गोल घर करून राहत होतं हे त्यांना कळतं, आणि ‘एवढंच का?’ म्हणून ते खाली उतरतात. उंबऱ्याचा दगड दुभंगला होता तसाच आहे. बाबा रोज त्याच्या शेजारी बसून डबा खातात. शेजारी. त्यावर नाही.

आणि वरच्या अंगाला, जिथं तू आणि बाबांनी त्या जुन्या घराबरहुकूम घर बांधून पाहिलं होतं, तिथं आता नव्या मेढी रोवल्यात. मूळ घराचंच माप, तोच गोल, तेच उताराकडं तोंड केलेलं दार. कुड विणून, लिंपून झालाय. राहिलंय छप्पर, आणि छप्पर बाबांना येत नाही. जन्मभर उत्खननं केली, जमिनीखाली काय आहे ते त्यांना वास घेऊन कळतं. डोक्यावरचं खातं तुझ्याकडं होतं.

झाल्या गोष्टी आपण तिघंही बोलत नाही, म्हणून मीच एकदा मांडून टाकते. पहिल्या घराच्या शेंड्याला बाबांनी धुरासाठी भोक ठेवायला लावलं. तू नको म्हणत होतास. भोकानं वारा ओढला, ठिणग्या वर गेल्या, गवत पेटलं, आणि जळतं छप्पर उतारावरून घसरत खाली मूळ घराच्या उंबऱ्यावर येऊन बसलं. हजारो वर्षं टिकलेला दगड आपल्या कारकिर्दीत फुटला. मग संग्रहालयानं चौकशी केली, आणि चौकशीत बाबा म्हणाले की सहायकानं विस्तव राखला नाही. सहायक म्हणजे तू. तू संग्रहालय सोडलंस, आणि जाता जाता आम्हालाही.

आता तू मोठमोठ्या इमारतींतून धूर बाहेर काढायच्या वाटा आखतोस, असं तुझ्या बायकोकडून कळतं. विधात्याची विनोदबुद्धी माझ्यापेक्षा बरी दिसते.

बाबा म्हणतात, छप्पर झालं की आत चूल पेटवणार आणि स्वतः बसणार. मी विचारलं, तुम्हीच का? म्हणाले, ‘घर आहे. घरात माणूस बसतो.’ शेंड्याचं काय करणार ते मात्र सांगत नाहीत. पुन्हा भोक ठेवलं तर ह्या खेपेला आत बाबा असतील. आणि नाही ठेवलं, तर तुझं खरं होतं हे सगळ्या टेकडीला दिसेल. ह्या दोहोंच्या मधे मी बसलेय. बसलेय कसली, येरझाऱ्या घालतेय.

ये, असं म्हणत नाही. निदान छपराचं सांग. कार्डावर चार शब्द चालतील.

तुझी,
ताई


३० जानेवारी

बंधो,

तुझं कार्ड पोचलं. मायना नाही, सही नाही. ‘उतार पंचेचाळीस अंशांपेक्षा कमी नको. गवत पूर्ण वाळलेलं. पेंढ्या खालून वर लावत जा.’ सूत्रकारांनी हेवा करावा असा संक्षेप आहे. मी चार पानं लिहिली त्याला तू एवढ्यात गुंडाळलंस. तरी अक्षर तुझंच आहे, ‘ळ’ अजून पोट सुटल्यासारखा काढतोस, तेवढ्यानं मला बरं वाटलं. हे हळवं नाही, हे अक्षराबद्दल आहे.

आता अडचण अशी झाली की हे बाबांना सांगायचं कसं. तुझा विषय काढला की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. खोल्या दोनच असल्यामुळं मला मागोमाग जाता येतं, पण मग ते पहिल्या खोलीत येतात. म्हणून मी माझ्या संस्कृतच्या पेशाला शोभेल असा मार्ग काढला. जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, काल एक जुना शिल्पग्रंथ चाळत होते, त्यात गवताच्या छपराचा उतार भिंतीच्या काटकोनाच्या निम्मा सांगितलाय.

बाबा घास चावत राहिले. मग म्हणाले, ‘तुझ्या ग्रंथकारांनी गवत कधी हातात धरलं होतं का?’

‘धरलं होतं. रोज सकाळी. दर्भ म्हणत त्याला.’

ते हसले नाहीत, पण पाण्याचा पेला उचलताना थांबले. तुला ते थांबणं आठवत असेल. दुसऱ्या दिवशी बांधून झालेले वासे त्यांनी खाली उतरवले आणि जास्त चढे करून पुन्हा बांधले. ‘मला मुळात असंच करायचं होतं,’ म्हणाले. मी म्हटलं, ग्रंथकारांचंही तेच म्हणणं आहे.

घरात त्यांना घडीभर स्वस्थता नाही. वर्तमानपत्राचे शंकू करून टेबलावर ठेवतात, खाली मेणबत्तीचा तुकडा लावतात, मग मीच किंचाळल्यावर विझवतात. कधी शंकूच्या टोकाला कात्रीनं छिद्र पाडतात, कधी नाही. मला पाहिलं की कात्री वर्तमानपत्राखाली सरकवतात. कॉलेजात मी वर्गात विभक्ती सांगत असते आणि खिडकीतून टेकडी दिसते. झाडं हलली की माझं वाक्य तुटतं. न्यायशास्त्रातलं पहिलं उदाहरण तुला मी पाठ करून घेतलं होतं ना, डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे असं समजावं? इतकी वर्षं शिकवलं. आता ते उदाहरण आलं की मी पान उलटते.

गवत वाळलंय की नाही हे ओळखायचं कसं, ते कळव. बाबा चावून बघतात. ते शास्त्रोक्त आहे का?

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

‘मुठीत पिळून सोडल्यावर पूर्ण उलगडलं पाहिजे. वीतभर तरी जाड थर.’ पोचलं. हे मी टीकाकारांचं मत म्हणून सांगितलं. मूळ ग्रंथकार मोघम बोलतात, टीकाकारांना तपशील ठाऊक असतो, असं म्हणाले. बाबा म्हणाले, ‘टीकाकार जिवंत आहे का?’ मी म्हटलं, तब्येतीनं बरा असावा, पत्र कमी लिहितो.

म्हणजे त्यांना कळलंय. त्यांना कळलंय हे मला कळलंय. आम्ही दोघं तरीही ग्रंथ ग्रंथ खेळतो आहोत, कारण तो खेळ थांबवला तर उठून दुसऱ्या खोलीत जावं लागेल.

पण आज लिहितेय ते वेगळ्या कारणानं. आम्हाला अधीक्षकबाईंनी बोलावलं होतं. तू तिला ओळखतोस. बाबांची विद्यार्थिनी, तुझ्या आधी उठून खड्ड्यात उतरायची ती, हातात कायम घासणीचा ब्रश. आता संग्रहालय तिच्या हाती आहे आणि टेबलावर घंटी आहे. तिनं बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला, गवताची चौकशी केली, आणि मग घंटी जरा बाजूला सरकवून म्हणाली, चूल पेटवायची परवानगी देते, पण एक सांगावं लागेल.

‘सर, मागच्या वेळी विस्तव कुणी राखला नाही म्हणून कागदोपत्री आहे. मी त्या दिवशी तिथं होते. विस्तव राखलेला होता. छप्पर का पेटलं, ते मला तुमच्या तोंडून हवंय.’

बाबा म्हणाले, ‘वारा होता.’

‘वारा टेकडीवर रोज असतो, सर.’

खाली अंगणात कुणीतरी दगडांच्या पेट्या सरकवत होतं, त्याचा आवाज वर येत होता. बाबांनी टोपी उचलली आणि नमस्कार न करता बाहेर पडले. मी तिच्याकडं बघून खांदे उडवले आणि मागं धावले. जिन्यात म्हणाले, ‘साधा चहासुद्धा विचारला नाही.’ कप टेबलावर भरलेला होता, साय धरत होता.

तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पुन्हा एक ठिणगी उडाली तर वरून तिला हुकूम आहे: मूळ घर मातीखाली झाकायचं आणि टेकडीचं फाटक बंद करायचं. कारण न कळता ती सही कशी करेल? आणि बाबा कारण सांगत नाहीत, कारण कारण सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यायचं. तुझं नाव घ्यायला त्यांची जीभ वळत नाही असं नाही. परवा झोपेत घेतलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता त्यांचं म्हणणं असं की परवानगी गेली खड्ड्यात. एखाद्या सकाळी वारा पडला की ते आपले वर जाऊन पेटवतील. वाशांच्या खिळ्याला त्यांनी ओल्या फांदीची एक गोल कडी करून अडकवलीय. डोक्यात घालायच्या गजऱ्याएवढी. विचारलं, ही कशाला? म्हणाले, ‘वाळू दे.’ धाकट्या, शेंड्याला भोक ठेवायचं तर तिथं अशीच कडी लागते ना? मला छपरातलं कळत नाही, पण पहिल्या घराच्या फोटोत मी तशीच पाहिलीय.

शेंड्याबद्दल स्पष्ट लिही. आणि लवकर लिही. मी रोज त्यांच्या आधी उठून वारा आहे का बघते.

ताई


३ मार्च

प्रिय टीकाकार,

तुझं कार्ड आलं. ‘भोक ठेवू नका. धूर गवतातून आपला आपण जातो. तेव्हाही हेच सांगितलं होतं.’

पहिली दोन वाक्यं सांगण्याजोगी होती. तिसरं मी माझ्याकडं ठेवून घेतलं. रागावू नकोस. तुझा हक्क आहे त्या वाक्यावर, पण ते बाबांच्या अंगावर फेकायचं तर तू स्वतः येऊन फेक. पोस्टमनकडून असली कामं करून घेऊ नयेत.

गद्यात सांगितलं तर दुसरी खोली, हे ठरलेलं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा एक पाप केलं. श्लोक रचला. अर्धाच, पण छंद शुद्ध आहे, मी तीनदा मोजला. दुपारी बाबा दाराजवळ पेंढ्या बांधत बसले होते, त्यांना वाचून दाखवला:

छिद्रं न पटले कुर्याद् धूमः स्वयं गमिष्यति ।

छपराला भोक पाडू नये, धूर स्वतःच जाईल. बाबा म्हणाले, ‘पुन्हा म्हण.’ मी पुन्हा म्हटला. ‘कुठल्या ग्रंथातला?’ म्हटलं, हस्तलिखित आहे, एकच प्रत उपलब्ध आहे. त्यांनी पेंढीची गाठ दातानं ओढून घट्ट केली.

‘शाई वाळली का?’

मी वाळली म्हटलं. मग सूर्य मावळेपर्यंत पेंढ्या बांधत राहिले. उतरताना उंबऱ्याच्या दगडापाशी थांबले, भेगेतलं गवत उपटलं, ते नीट खिशात ठेवलं. फेकायचं होतं ते खिशात ठेवलं, धाकट्या.

बाकी ठीक. हवा कोरडी आहे. तुझ्या बायकोला म्हणावं, लोणच्याची बरणी परत पाठवायची घाई नाही. बाबांचा उजवा हात सध्या गळ्यात बांधलेला आहे, विशेष काही नाही, शिडी जरा सरकली. जरा म्हणजे किती ते विचारू नकोस, मी तिथं नव्हते. तुला उगाच काळजी नको म्हणून लिहीत नव्हते, पण मग वाटलं की तुझ्या बायकोकडून तुला कळेल आणि तू म्हणशील ताईनं लपवलं. तर मी लपवलेलं नाही. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय, एवढंच.

ताई


९ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. पलीकडून तू मागून काहीतरी सांगत होतास, तो आवाज ऐकला. ‘विचार तिला, डोक्याला लागलंय का.’ डोक्याला नाही. मनगट मोडलंय, खांदा सुजलाय. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात शिडीवर काय काम? बाबा म्हणाले, ‘वरचं.’

आता सगळं सांगते. त्या सकाळी मी उठले तेव्हा वारा नव्हता आणि बाबाही नव्हते. मी चपला उलटसुलट घालून टेकडी चढले. ते नव्या घराच्या दाराशी, गवताच्या ढिगावर पडले होते. ढीग होता म्हणून निभावलं. शिडी आडवी, आणि हातात ती कडी. घट्ट धरलेली. मला बघून म्हणाले, ‘आरडाओरडा करू नकोस, पेंढ्या विस्कटतील.’

शेंडा उघडाच होता. ते कडी वर बांधायला चढले होते, की वर बांधलेली काढून आणत होते? मला कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, ‘शिडी ओली होती.’ दोन्ही प्रश्नांना तेच उत्तर आहे.

आणि काल म्हणाले, ‘शास्त्रीणबाई, आता तूच चढ.’

माझं वय तुला माहीत आहे. माझे गुडघे तुला माहीत नाहीत. पण ते कुणा माणसाला हाताशी घेतील असं वाटेना, परकं माणूस छपराला हात लावणार म्हटलं की बाबा फणकारतात. पदर खोचला, कंबरेला दोरीनं चार पेंढ्या बांधल्या आणि चढले. मनात अमरकोश म्हणत होते, घरवाचक शब्दांपाशी आले आणि पुढचं विसरले.

वर गेल्यावर मी एक वेडेपणा केला, खाली पाहिलं. आणि धाकट्या, मला पहिल्यांदा ते घर दिसलं. आपलं नव्हे, जुनं. जमिनीवरून बघावं तर नुसते दगड, इथं एक तिथं एक. वरून बघितलं तर पुरतं वर्तुळ, दाराची फट, मधे लाल चूल, आणि दारापासून चुलीपर्यंत जमीन किंचित खोलगट, पायांनी झिजलेली. कुणीतरी रोज आत यायचं आणि सरळ विस्तवाकडं जायचं. तू इथून हे बघितलं असशील कितीदा. मला कधी बोलला नाहीस. बाबांना पण शिडी धरायलाच लावायचास, वर येऊ द्यायचा नाहीस, आठवतंय.

खालून बाबा म्हणाले, ‘काय करतेस? शेंडा मोकळा आहे ना?’

‘आहे. कडी कुठं बांधू?’

मला वाटलं, ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. मी खाली बघायचं टाळत होते आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. ते मान वर करून उभे होते, डावा हात डोळ्यांवर धरून.

‘बांधायची नाही,’ म्हणाले. ‘पेंढ्या जवळ घे. आणखी जवळ. आभाळ दिसता कामा नये.’

मी शेंडा बंद केला. चांगला झालेला नाही, एका बाजूला फेंगडा आहे, तुला बघवणार नाही. खाली उतरले तेव्हा बाबा कडीचे तुकडे करून चुलीच्या जळणात ठेवत होते. एका हातानं, पायाखाली धरून मोडत होते. माझ्याकडं बघितलं नाही.

पण हे मला आणि टेकडीला माहीत. अधीक्षकबाईंना नाही. बाबा अजून म्हणतात, तिला काही सांगायची गरज नाही, वारा पडला की पेटवू. मी काय करू? घरात एक काडेपेटी ठेवलेली नाही, सगळ्या कॉलेजात नेऊन टाकल्या. स्वयंपाकाला शेजारणीकडून मागून आणते, तिला वाटतं मला विस्मरण व्हायला लागलंय.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

काल झालं. क्रमानं सांगते, मधे उडी मारून वाचू नकोस. बाबा बरे आहेत, वाच आता.

सकाळी पान हलत नव्हतं. बाबांनी डबा भरायला सांगितला आणि खिशातून काडेपेटी काढून दाखवली. नवी कोरी. मी डबा भरला आणि ते चपला शोधत होते तेवढ्यात अधीक्षकबाईंना फोन केला. ही चहाडीच. पण मला एकटीला त्यांच्याबरोबर त्या दारातून आत जायचं धैर्य नव्हतं, हे खरं आहे.

आम्ही पोचलो तर ती फाटकात उभी. मागं पाण्याच्या बादल्या घेऊन दोन रखवालदार, आणि हातात मोठं कुलूप. बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘ग्रंथकारांचा फोन गेलेला दिसतो.’

ती म्हणाली, ‘सर, मी काय विचारलं होतं ते विचारलेलंच आहे. सांगितलंत तर बादल्या घेऊन तुमच्याबरोबर आत बसते. नाही तर फाटकाला कुलूप घालते, आणि मग तुम्हाला सर म्हणायला मला तोंड राहणार नाही.’

बाबा तिला ओलांडून पुढं गेले. मला वाटलं, झालं, संपलं. ती कुलपाची साखळी ओढायला लागली. पण ते नव्या घराकडं वळलेच नाहीत. मूळ घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे मागून. त्यांनी टोपी काढली, डाव्या हातानं, धड निघत नव्हती.

‘छपराला भोक होतं,’ म्हणाले. ‘ते मी ठेवायला लावलं. मुलगा नको म्हणत होता, कामाच्या माणसांसमोर मी त्याला गप्प केला. विस्तव त्यानं नीट राखला होता.’

रखवालदार जमिनीकडं बघत होते. ती मात्र सरळ त्यांच्याकडं बघत होती, विद्यार्थिनी असताना बघायची तशी.

‘हे असंच लिहू का, सर?’

‘असंच लिही. सहायक लिहू नकोस पण. मुलगा लिही.’

तिनं कुलूप पर्समध्ये टाकलं. पर्स खांद्यावरून खाली ओढली गेली, इतकं जड होतं ते.

मग पेटवली चूल. काडी मी ओढली, बाबांना एका हातानं ओढता येईना. आधी भयंकर झालं. धूर वर गेला, शेंड्यापर्यंत पोचला आणि तिथून परत आमच्याकडं यायला लागला. अधीक्षकबाई उभी होती ती खोकत बाहेर पळाली. मी बाबांचा सदरा धरून ओढत होते, चला, चला. ते म्हणाले, ‘खाली बस.’

मी बसले. आणि धाकट्या, बसल्यावर श्वास घेता येत होता. धूर डोक्याच्या वर थांबला होता, दुसरं छप्पर घातल्यासारखा. खाली स्वच्छ. एक ठिणगी उडाली, मी तिच्याकडं बघत राहिले, आता लागणार, आता लागणार. ती वर त्या धुरात शिरली आणि विझली. दुसरी पण. बाहेरून अधीक्षकबाईचा आवाज आला, अहो, इकडं या, सगळं छप्पर धुमसतंय. मी बाहेर धावले. धुमसत नव्हतं. गवताच्या काडीकाडीतून धूर झिरपत होता, सगळीकडून सारखा, अंघोळीनंतरच्या केसांसारखा. कुठून एका ठिकाणाहून निघतोय असं बोट दाखवता येईना. रखवालदारानं बादली उचलली होती ती तशीच धरून उभा होता.

ह्या सगळ्यानंतर माणसानं शांत बसावं की नाही? मी परत आत गेले तर बाबा गुडघ्यांवर घराभर फिरत होते, कुडाला हात लावत, गवताला हात लावत, पुटपुटत. त्यांना दारावरच्या गवताचं काहीतरी पसंत नव्हतं. मला म्हणाले, त्याला विचार. नाव न घेता, पण ‘ग्रंथात बघ’ असं म्हणाले नाहीत. मी म्हटलं, मी आता टपालाचं काम सोडलं, तुमच्या हातासाठी घेतलेली रजा संपलीय, उद्यापासून वर्ग आहेत. तुम्हीच विचारा. ते म्हणाले, माझा हात मोडलाय. मी म्हटलं, एक मोडलाय.

आत्ता हे लिहितेय तर मागं उभे आहेत. दोनदा दुसऱ्या खोलीत जाऊन आले. कागदाला जागा ठेव म्हणतात. तर ठेवते. खालचं अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस.

ताई

दारावरचं गवत हाताला गरम लागतं. दारातून हवा येते, ज्वाळा आत झुकते, असं दिसतं. दार लहान करू का, की वरच्या गवताला आतून मातीचा हात देऊ? माती दिली तर धूर अडेल का? तू तेव्हा काय म्हणाला होतास, ते मी नीट ऐकलं नव्हतं. उत्तर माझ्या नावे पाठव. तुझी बहीण मधे श्लोक घालते.